दुखणं उलटणार, हे आधी कुणाला कळतं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात, मानसिक आरोग्यावरच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला सांगितलं आहे ते 'नैराश्य पुन्हा येणार हे मेंदूच्या तपासणीतून आधी कळतं का?' या विषयावर. विषय ऐकून काही जणींच्या चेहऱ्यावर 'हे डॉक्टरांचं काम, यात आपण काय करणार?' असा भाव दिसतोय. मलाही आधी तसंच वाटायचं. पण हा प्रश्न आमच्या सल्ला केंद्राच्या टेबलावरच येऊन पडला. तो कसा आला, तिथूनच सुरुवात करते.

सुमन म्हणू या तिला. नाव अर्थातच बदललेलं आहे. वय चौतीस, दोन मुली, नवरा कारखान्यात, घरी सासू. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला पहिल्यांदा नैराश्याचा आजार झाला. उपचारांनी बरी झाली. तीन वर्षांनी दुखणं उलटलं, पुन्हा बरी झाली. गेल्या वर्षी ती केंद्रात आली तेव्हा चांगली होती. घरकाम करत होती, शिवणाचे कपडे घेत होती, हसत होती. पण पाठोपाठ नवरा आला. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली बातमी त्यानं माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "ताई, आता म्हणे मेंदूचा फोटो काढून सांगतात, परत होणार का नाही ते. हिचा काढून घेऊ या. एकदा काय ते कळलं म्हणजे मला पुढचं ठरवायला बरं."

पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. सुमननंही विचारलं नाही. पण तिला ते कळलं होतं.

आठ दिवसांनी सुमन एकटी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो फोटो खरंच निघतो का हो? मला आधी कळलं असतं तर मागच्या वेळी पोरींचे इतके हाल झाले नसते."

प्रश्न एकच, पण विचारणारी माणसं दोन आणि त्यांची कारणंही दोन. आज मला या दोन्ही कारणांबद्दल बोलायचं आहे. आधी फोटोचं बघू.

एक खूणगाठ पहिल्यांदाच बांधून ठेवू. नैराश्य हा बहुतेकींच्या बाबतीत एकदा होऊन संपणारा आजार नाही. मनोविकारशास्त्राच्या ग्रंथांत ढोबळ आकडे दिलेले असतात: एकदा हा आजार झालेल्यांपैकी निम्म्या किंवा थोड्या अधिक माणसांना तो पुन्हा होतो, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना तिसऱ्यांदा होतो, आणि तीनदा झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात जाते. हे आकडे दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून काढलेले आहेत, म्हणून ते थोडे चढे असतील. तरी 'बरी झाली, केस बंद' असं लिहून फाईल ठेवून देण्याची आपली सवय किती चुकीची आहे, हे त्यावरून कळतं.

म्हणूनच संशोधक बऱ्या झालेल्या माणसांच्या मेंदूत डोकावू लागले. डोकावण्याची मुख्य साधनं दोन. एक ई.ई.जी. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विद्युत् लहरींचा आलेख काढायचा. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ साली माणसाचा असा आलेख पहिल्यांदा घेतला. दुसरं साधन एम.आर.आय.चं मोठं यंत्र. माणूस आत झोपलेला असताना मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, हे त्यात दिसतं. ज्या भागाचं काम वाढलं तिकडे रक्त जास्त, असा हिशेब.

आता तीन संशोधनं सांगते. पहिलं कॅनडातल्या टोरांटोचं, २०११ साली प्रसिद्ध झालेलं. नैराश्यातून बऱ्या झालेल्या १६ जणांना यंत्रात झोपवून सिनेमातले दुःखी प्रसंग दाखवले. मग दीड वर्ष त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. १६ पैकी ९ जणांचं दुखणं उलटलं. मागे जाऊन आलेख बघितले तेव्हा फरक दिसला. ज्यांचं उलटलं त्यांच्या मेंदूत, दुःखी प्रसंग बघताना, कपाळामागचा मधला भाग जास्त कामाला लागला होता. संशोधकांनी त्याचा संबंध मनात तेच ते घोळवत बसण्याशी जोडला. जे बरे राहिले त्यांच्यात डोळ्यांनी पाहिलेलं टिपणारा, मेंदूच्या मागचा भाग जास्त जागा होता. म्हणजे दुःख दोघांनाही झालं. एकानं ते पाहिलं, दुसऱ्यानं ते आत घेऊन 'माझंच असं का, मीच अशी का' असं दळण सुरू केलं. हे दळण तुमच्यापैकी प्रत्येकीच्या ओळखीचं असेल.

दुसरं इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं, २०१५ सालचं. बरे झालेले आणि गोळ्या बंद असलेले लोक निवडले. यंत्रात असताना त्यांना दोन तऱ्हेची वाक्यं दाखवली. एका तऱ्हेत आपण आपल्या जिवलग मित्र-मैत्रिणीशी वाईट वागलो, अशी कल्पना करायची. दुसऱ्या तऱ्हेत ती आपल्याशी वाईट वागली. पहिल्यात मनात अपराधीपणा येतो, दुसऱ्यात संताप. १४ महिन्यांत ज्यांचं दुखणं उलटलं त्यांच्यात, स्वतःला दोष देतानाच फक्त, मेंदूतले दोन विशिष्ट भाग एकमेकांशी जरुरीपेक्षा जास्त बांधले गेलेले दिसले. संताप येताना तसं नव्हतं. या खुणेवरून साधारण चारांपैकी तिघांच्या बाबतीत अंदाज बरोबर आला.

इथं मी वाचता वाचता थांबले होते. अपराधीपणा आणि संताप. बाईला लहानपणापासून यातलं काय शिकवतात? भाजी करपली, माझं चुकलं. मूल आजारी पडलं, माझं लक्ष नव्हतं. नवऱ्यानं हात उचलला, मीच उलट बोलले. ज्याचा संताप यायला हवा त्याचा अपराधीपणा वाटावा, असंच आपल्याला घडवलेलं असतं. मँचेस्टरच्या अभ्यासात पुरुषही होते, आणि ही खूण बाईपणामुळेच तयार होते असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. ते मीही म्हणत नाही. पण स्वतःला दोष देण्याचा हा मार्ग दुखणं उलटण्याच्या वाटेवर असेल, तर तो रोज तुडवून रुंद कोण करतं, एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तिसरं संशोधन अमेरिकेतलं, २०२३ सालचं. डॉ. हेलन मेबर्ग या बाई पंचवीसहून जास्त वर्षं मेंदूतल्या एका छोट्या भागामागे लागलेल्या आहेत. खोल दुःखात हा भाग जास्त जागा असतो, हे त्यांनी १९९९ साली दाखवलं. कुठल्याच औषधानं ज्यांना गुण येत नाही अशा रुग्णांच्या मेंदूत, त्या भागाजवळ, बारीक तारा बसवून सौम्य विजेचा प्रवाह द्यायचा, हा उपचार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. त्याचे पहिले निष्कर्ष २००५ साली आले. २०२३ च्या अभ्यासात १० रुग्ण होते. २४ आठवड्यांनी त्यांतल्या ९ जणांत मोठी सुधारणा होती. या वेळी बसवलेलं यंत्र प्रवाह देण्याबरोबर मेंदूतले संकेत नोंदवतही होतं. बरं होताना हे संकेत ठरावीक तऱ्हेनं बदलतात, असं आढळलं. आणि एका रुग्णाचं दुखणं उलटलं तेव्हा, डॉक्टरांना बोलण्या-वागण्यात काही दिसण्याच्या साधारण महिनाभर आधी, तो संकेत आजारपणातल्या जागी परत गेलेला होता.

म्हणजे सुमनच्या प्रश्नाला पहिलं उत्तर 'हो' असं आहे. दुखणं उलटण्याच्या आधी मेंदूत काहीतरी बदलतं, आणि ते टिपता येऊ शकतं. 'सोंगं करते', 'कामचुकार आहे', 'मनाचा हिय्या नाही' असं म्हणणाऱ्या सगळ्यांना हे सांगायला हवं.

या कामामागे आणखी एक मोलाची गोष्ट आहे. एकदा आजारी पडलेल्या बाईला साधं दुःख करायचीही चोरी होते. बहीण वारली म्हणून रडली, तरी घरचे विचारतात, 'गोळी घेतलीस का?' तिची तिलाही भीती वाटते, 'आजचं रडू आजचंच आहे, की ते परत आलं?' वाईट दिवस आणि उलटणारं दुखणं यांत फरक करता यावा, हे या संशोधकांचं खरं उद्दिष्ट आहे. बाईला तिचं साधं रडू परत मिळावं, असं मी त्याला म्हणेन.

आता दुसरी बाजू. हे आकडे पुन्हा मोजा. १६ माणसं. १० माणसं, आणि त्यांत दुखणं उलटलेल्या एकाचा संकेत. डोकं उघडून तारा बसवलेल्यांवरून आपल्या गावातल्या बाईबद्दल काही सांगता येत नाही. 'चारांपैकी तिघांत बरोबर' याचा अर्थ शंभर बायकांची तपासणी केली तर पंचवीस जणींना चुकीचं उत्तर मिळेल. काहींना उगाच धास्ती, काहींना खोटा दिलासा. गटांमधला फरक दिसणं वेगळं, आणि समोर बसलेल्या एका बाईबद्दल सांगता येणं वेगळं.

ई.ई.जी. स्वस्त आहे, म्हणून त्यावर फार आशा होती. कपाळाच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या लहरींतला फरक ही नैराश्याची खूण आहे, असं अनेक वर्षं म्हटलं गेलं. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर निदानासाठी ती भरवशाची ठरली नाही. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार लागू पडेल हे ई.ई.जी.वरून सांगता येतं का, याचाही असाच एकत्रित आढावा २०१९ साली आला. त्यात म्हटलं आहे की रोजच्या दवाखान्यात वापरण्याइतका तो विश्वासार्ह नाही. शिवाय चांगले निष्कर्ष छापले जातात आणि फसलेले प्रयोग कपाटात राहतात.

आणि यंत्राचं म्हणाल तर एक गंमत सांगते. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एम.आर.आय.च्या यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत जी काळजी घ्यायची ती मुद्दाम घेतली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल 'दिसली'! त्यांना यंत्राची टर उडवायची नव्हती. रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे, ते चित्र कुणी आणि कसं काढलं हे विचारावं लागतं, हे त्यांनी दाखवलं.

तेव्हा आज, नैराश्य पुन्हा येणार का हे सांगणारी, सर्वमान्य झालेली मेंदूची कुठलीही तपासणी नाही. 'ब्रेन मॅपिंग करून भविष्य सांगतो' असं सांगून कुणी पैसे मागितले, तर पर्सचा बंद उघडू नका.

मग आधी कळण्याचा दुसरा मार्ग आहे का? आहे. आणि त्याला यंत्र लागत नाही.

१९८९ साली जिल हूली आणि जॉन टीसडेल या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या ३९ विवाहित रुग्णांचा. इस्पितळात उपचार झालेल्या या माणसांवर पुढे नऊ महिने लक्ष ठेवलं. घरातलं वातावरण, नवरा-बायकोचे संबंध, जोडीदाराच्या बोलण्यातली टीका, हे सगळं तासन् तास मुलाखती घेऊन मोजलं. पण दुखणं कुणाचं उलटेल याचा सगळ्यांत चांगला अंदाज आला तो रुग्णाला विचारलेल्या एकाच प्रश्नावरून. प्रश्न असा: 'तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, एक ते दहा यांत सांगा.'

एकच प्रश्न. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. याच हूलीबाईंनी नंतर अमेरिकेत मेंदूची तपासणी केली. पूर्ण बऱ्या झालेल्या, औषध नसलेल्या, कुठलंही लक्षण नसलेल्या व्यक्तींना यंत्रात झोपवून त्यांच्याच आईच्या आवाजात त्यांच्यावर केलेली टीका ऐकवली. २००५ आणि २००९ साली हे निष्कर्ष आले. कधीच नैराश्य न आलेल्या लोकांच्या मेंदूत टीका ऐकताना कपाळामागचा, भावनांना आवर घालायला मदत करणारा भाग पुढे सरसावला. बऱ्या झालेल्यांत तो तितका पुढे आला नाही. वरून बघाल तर दोघी सारख्याच. पण बोल लागला की एकीच्या आत ढाल येते, दुसरीच्या आत येत नाही.

टोमण्याला आपण 'नुसतं बोलणं' म्हणतो. 'मारत तर नाही ना, नुसता बोलतो' असं आपल्या केंद्रांतसुद्धा बायकांना ऐकवलं जातं. मीही पूर्वी ऐकवलं आहे. 'नुसतं बोलणं' असं काही नसतं, हे आता त्या यंत्रानंही दाखवलं आहे. या प्रयोगात आवाज आईचा होता, म्हणून आयांच्या माथी खापर फोडू नका. ती आईही कुणाचे तरी बोल खात मोठी झालेली असते.

बाकीच्या खुणाही विचारूनच कळणाऱ्या आहेत. आजार आधी किती वेळा झाला? बरी झाल्यावर काही शिल्लक राहिलं आहे का, झोप, थकवा, कशातच मन न लागणं? लहानपणी अत्याचार झाला होता का? दुखणं उलटण्याचा अंदाज बांधताना या गोष्टी उपयोगी पडतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. १९७८ साली ब्राऊन आणि हॅरिस यांनी लंडनमधल्या कँबरवेल वस्तीतल्या बायकांचा अभ्यास पुस्तकरूपानं मांडला. संकट आल्यावर नैराश्यात कोण जातं? जिला मनातलं बोलायला जवळचं माणूस नाही, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं आहेत, बाहेर काम नाही, आणि जिची आई लहानपणीच गेली, ती. आपल्या शेजारच्या गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, आणि मुलगी होणं ही त्यामागची कारणं दिसली. २००६ साली तिथल्याच सुमारे अडीच हजार बायकांच्या पाहणीत नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती, निर्णयाची मुभा नसणं, घरच्यांचा आधार नसणं आणि अंगावरून जाण्यासारखी दुखणी यांचा मानसिक आजाराशी संबंध दिसला. या गोष्टी बाईला विचारल्या की कळतात. विचारायला कुणी बसत नाही, एवढंच.

इथं मला आपल्यालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. चळवळीत आपण पुष्कळ वेळा उलट टोकाला जातो. 'हे सगळं पुरुषसत्तेमुळे आहे, गोळ्या कशाला खातेस, गटात ये, मोकळी हो.' हे धोक्याचं आहे. २०२१ साली इंग्लंडमध्ये ४७८ लोकांवर झालेल्या चाचणीत, बरं वाटत असलेल्या आणि दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या लोकांचे दोन गट केले. वर्षभरात गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं. म्हणजे गोळीनं फरक पडतो. ती बंद करूनही बरे राहणारे बरेच आहेत, आणि चालू ठेवूनही उलटणारे आहेत, हेही त्यातच दिसतं. म्हणून गोळी बंद करायचा निर्णय बाईनं डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. आपण कार्यकर्त्यांनी नाही, आणि सासूनं तर नाहीच नाही.

आता सुमनच्या नवऱ्याकडे वळते. समजा, उद्या अशी भरवशाची तपासणी निघाली. तो कागद कुणाच्या हातात जाईल?

हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे शब्द असे आहेत की तो आजार इतका आणि अशा स्वरूपाचा असला पाहिजे, की जोडीदारानं सोबत राहावं अशी रास्त अपेक्षा करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. तरी कोर्टात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कशा फडकावल्या जातात, हे इथल्या वकील मैत्रिणी सांगतील. आज निदान झालेल्या आजाराच्या चिठ्ठ्या असतात. उद्या न झालेल्या आजाराच्या असतील: 'हिला पुढे होणार आहे.'

हा कल्पनेचा खेळ नाही. २००८ साली पुण्याच्या न्यायालयात एका तरुण विद्यार्थिनीला खुनाच्या आरोपात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत् लहरींच्या चाचणीचा अहवाल ग्राह्य धरला गेला. डोक्याला तारा लावून, वाक्यं ऐकवून, 'तिच्या मेंदूत त्या घटनेची आठवण आहे' असं त्यात म्हटलं होतं. जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा चाचण्या कुणावरही तिच्या किंवा त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. विज्ञान कच्चं असतानाच कागद पक्का होऊन बसतो, हे आपण आपल्याच राज्यात पाहिलं आहे.

आपल्या हातात एक चांगलं हत्यार आहे, ते म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. तो २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी 'मनोविकल' ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयानंच ठरवावं लागतं, असं त्यात म्हटलं आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. कोर्टात मानसिक आजाराचा पुरावा दाखल झाला आणि दुसऱ्या बाजूनं त्याला हरकत घेतली, तर तो छाननीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवावा लागतो. आणि आगाऊ निर्देश देण्याचा हक्क आहे. चांगली असताना बाई लिहून ठेवू शकते की मी पुन्हा आजारी पडले तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. ते नाव नवऱ्याचंच असलं पाहिजे असं नाही. बहिणीचं चालतं, मैत्रिणीचं चालतं.

तर आपण काय करायचं? चार गोष्टी सुचवते.

पहिली, केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो प्रश्न विचारायचा. 'घरात तुला किती बोल लावतात? दहापैकी किती?' आकडा फाईलवर लिहायचा. दर भेटीत विचारायचा. आकडा चढला की पुढची भेट लवकरची द्यायची.

दुसरी, बाई चांगली असताना तिच्याबरोबर बसून तिच्या स्वतःच्या खुणांची यादी करायची. या खुणा प्रत्येकीच्या वेगळ्या असतात, आणि त्या बहुधा घरच्या बायकांना किंवा मुलांना आधी दिसतात. कधी, कशी सुरुवात झाली होती, हे तिलाच आठवू द्यायचं.

तिसरी, फाईल बंद करायची नाही. बरी झाल्यावरही वर्षभर भेटत राहायचं. यासाठी पदवी लागत नाही. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, गंभीर नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. बैठकांत काय? सुटून गेलेली लहान लहान कामं आणि माणसं परत आयुष्यात आणणं. तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. ज्या गावात कुणीच नाही तिथं सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. तो केंद्राच्या भिंतीवर लावा.

आणि चौथी, मेंदूच्या तपासणीची गोष्ट निघाली की दोन प्रश्न विचारायचे: ही कुणी सुचवली, आणि कागद कुणाकडे राहणार? बाईनं स्वतः मागितली असेल आणि कागद तिच्याकडे राहणार असेल, तर आपण तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊ आणि नीट समजून घेऊ. विज्ञानाला विरोध करायचं आपल्याला कारण नाही. सुमनला आधी कळायला हवं होतं, ती तिची गरज खरी आहे. संशोधन पुढे जावं, आणि त्यात आपल्यासारख्या देशांतल्या, आपल्यासारख्या घरांतल्या बायका असाव्यात, ही मागणी आपण करायला हवी.

सुमनच्या नवऱ्याला मी सांगितलं की असा फोटो निघत नाही. मग विचारलं, "तुम्ही तिला दिवसातून किती वेळा बोलता?" तो रागावून निघून गेला. दोन महिन्यांनी सासूबरोबर आला. तेव्हा काय बोलणं झालं ते वेगळं सांगण्यासारखं आहे, सगळं चांगलं झालं असं नाही.

सुमननं मात्र यादी केली. मोठी मुलगी नऊ वर्षांची, ती शेजारी बसली होती. सुमन म्हणाली, "पहाटे तीनला जाग येते." मग, "शिवणाचे कपडे परत पाठवायला लागते." पुढे तिला आठवेना. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू आमची वेणी घालताना गप्प होतेस. आधी गोष्ट सांगत असतेस."

ते आम्ही तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं. त्या यादीची एक प्रत सुमनकडे आहे, एक तिच्या बहिणीकडे, एक आमच्या फाईलमध्ये. वेणी घालताना आई गप्प झाली की मावशीला फोन करायचा, एवढं त्या मुलीला सांगून ठेवलं आहे. तिनं आईला सांभाळायचं नाही, फक्त फोन करायचा. सांभाळायचं काम आपलं मोठ्यांचं.

दुपारच्या सत्रात गटांत बसू. प्रत्येक गटानं आपापल्या केंद्रातल्या, बऱ्या होऊन गेलेल्या तीन बायका आठवायच्या आणि शेवटची भेट कधी झाली ते लिहून आणायचं. तिथून कामाला सुरुवात करू.